एका तासात न उरकणारे वाडे

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत उन्हाळी सहलींविषयी जो मार्गदर्शनपर लेख प्रसिद्ध झाला, तो मी आणि माझ्या पत्नीने एकत्र बसून वाचला. एरवी आमच्याकडे पुरवणीची पाने वाटून घेतली जातात आणि शब्दकोडे कोणाच्या वाट्याला जायचे या वादात सकाळचा चहा निवतो; परंतु या वेळी मजकूर युरोपचा होता आणि आम्ही दोघे नुकतेच जून महिन्यात तिकडे एकोणीस दिवस काढून आलो असल्यामुळे शब्दकोडे कोरेच राहिले. लेखातील विमानाची, व्हिसाची आणि शाकाहारी जेवणाची माहिती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तिकडचे ऐतिहासिक वाडे आणि बागा वाटेत लागल्या तर तासाभरात उरकून पुढे जावे, असा जो सल्ला त्यात आहे, तो वाचून आम्हा दोघांचे लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत प्रथमच तत्काळ एकमत झाले. तो सल्ला साफ चुकीचा आहे आणि कसा चुकीचा आहे ते सांगण्यासाठी हे पत्र. पत्रलेखकांना आपण दिलेली शब्दमर्यादा मी पाळणार नाही, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम आमची ओळख. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. मूळ गाव यावल तालुक्यातले, म्हणजे घर केळीचे. पत्नीचे माहेर काटोलकडचे, म्हणजे संत्र्यांचे. बागेविषयीची दोघांचीही मते लग्नाच्या आधीपासून पक्की असल्यामुळे आणि ती एकमेकांशी जुळत नसल्यामुळे आमच्या गच्चीवरच्या चौदा कुंड्यांत आजवर एकही झाड निर्वेधपणे वाढलेले नाही. मुलगी आणि जावई इंग्लंडात डर्बी येथे राहतात. तिकडे काय काय बघायचे, असे मुलीने फोनवर विचारले तेव्हा मी धरणांची यादी काढायला बसलो होतो. परंतु पत्नीने, “देवळं झाली, धरणं तर जन्मभर झाली, आता मला लोकांची घरं बघू द्या,” असे जाहीर केले आणि सहलीचा विषय तिथेच ठरला. परिणामी आयफेल मनोरा आम्ही पाहिला तो टॅक्सीच्या मागच्या काचेतून, आणि त्या क्षणी मी वाकून बुटाची नाडी बांधत होतो, म्हणजे खरे तर तो पत्नीनेच पाहिला.

पहिला मान हार्डविक हॉलचा. बेस ऑफ हार्डविक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईंनी हा वाडा १५९० मध्ये बांधायला घेतला, तेव्हा त्यांची साठी उलटलेली होती, चार लग्ने होऊन गेलेली होती आणि लग्नागणिक इस्टेट वाढत आलेली होती. वाडा कोणाचा, असे वाटसरूला कोणाला विचारावे लागू नये म्हणून बाईंनी छपरावरच्या सहाही मनोऱ्यांवर आपली आद्याक्षरे दगडात घडवून बसवली. काच ही त्या काळी मोठ्या चैनीची वस्तू, म्हणून दर्शनी बाजूला भिंत कमी आणि काच जास्त, असा सगळा थाट आहे. पत्नी बराच वेळ मान वर करून पाहत राहिली. तिच्या मनात वास्तुकलेविषयी काही गंभीर विचार चालले असावेत, अशा समजुतीने मीही शांत उभा राहिलो. शेवटी ती म्हणाली, “दिवाळीच्या आधी एवढ्या काचा पुसायला किती बाया लागत असतील, बाप्पा!”

या वाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर पन्नास मीटरच्या आसपास लांबीचे एक दालन आहे. बाहेर पाऊस असला म्हणजे घरातल्या घरात शतपावली करता यावी, हा त्याचा एक उपयोग होता. दालनाच्या निम्म्यात पोचल्यावर माझ्या उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. भिंतीला लागून मखमली बैठकीची एक जुनी खुर्ची होती आणि तिच्यावर कोणाचे तरी विसरलेले एक वाळके, काटेरी बोंड पडले होते. हा वाडा नॅशनल ट्रस्ट या १८९५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे असून दालनादालनांतून माहिती सांगण्यासाठी स्वयंसेवक असतात, ते बहुधा माझ्याहूनही वयाने मोठे. मी ते बोंड दोन बोटांत अलगद उचलले, तेथील आजीबाईंकडे नेऊन दिले आणि कोणीतरी परत न्यायला येईल तोवर सांभाळून ठेवावे, अशी विनंती करून खुर्चीकडे वळलो. आजीबाई माझ्या आधी खुर्चीपाशी पोचल्या, हे त्यांच्या वयाला भूषणावह होते. त्यांनी ते बोंड पुन्हा मखमलीवर ठेवले आणि अतिशय मृदू स्वरात सांगितले की, येथे बसू नये असे पाहुण्याला तोंडावर सांगणे किंवा तशी पाटी लावणे बरे दिसत नाही, म्हणून ट्रस्टच्या वाड्यांतून नाजूक खुर्च्यांवर असे एखादे बोंड किंवा पाइनच्या झाडाचे वाळके फळ ठेवून देतात, समजणाऱ्याला समजते. मला समजले नव्हते, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. पत्नीला मात्र ही युक्ती इतकी आवडली की, पुढच्या तिन्ही दालनांत तिने चित्रे सोडून फक्त खुर्च्या पाहिल्या.

याच बेसबाईंच्या दुसऱ्या लग्नातून जे कॅव्हेंडिश घराणे पुढे आले, त्याचा वाडा म्हणजे तेथून मोटारीने पाऊण तासाच्या आत असलेले चॅट्सवर्थ. येथे आम्ही सकाळी दहाला शिरलो आणि फाटक बंद करणाऱ्या माणसाने शेवटचे बाहेर काढले ते आम्हालाच. कारण दोन. पहिले पाणी. जोसेफ पॅक्स्टन हा मनुष्य १८२६ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी येथे मुख्य माळी झाला आणि याच माणसाने पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीला येणार, अशी खबर आल्यावर वाड्याच्या मालकाने, म्हणजे सहाव्या ड्यूकने, त्याच्या स्वागतासाठी जगावेगळे कारंजे करायचे ठरवले. पॅक्स्टनने वाड्यापासून साडेतीनशे फूट उंचीवरच्या माळावर आठ एकरांचा तलाव खणला, रात्री मशाली लावून काम चालू ठेवले आणि सहा महिन्यांत, १८४४ मध्ये, पाणी सोडले. त्या कारंज्याने २९६ फुटांची उंची गाठल्याची नोंद आहे. संपादक महाशय, साडेतीनशे फुटांच्या हेडवर, म्हणजे पाण्याच्या उंचीवर, २९६ फूट आणि मध्ये एकही पंप नाही! नळातले घर्षण, वारा आणि वळणे यांनी खाल्ले ते एवढेच. माझ्या नोकरीत कालव्याच्या तोंडाशी सोडलेल्या पाण्यापैकी शेवटच्या चारीला जे पोचत असे, ते आठवून मी टोपी काढली. झार मात्र आलाच नाही. कारंजे न पाहताच तो वारला. हे मी पत्नीला मोठ्या हळहळीने सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मंत्री येणार म्हणून आपल्याकडे रातोरात डांबर पडतं आणि मंत्री दुसऱ्याच रस्त्यानं जातात, तसंच ना?”

दुसरे कारण केळीचे. येथील काचघरात शिरताच जो दमट, उबदार वास आला, तो आमच्या मळ्यातला होता. पुढे बघतो तो एका वाफ्यात, नावाची पाटी लावलेली, एक ठेंगणी केळ उभी. निसवलेली. खाली जांभळे केळफूल लोंबते आहे आणि लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढताहेत. मॉरिशसकडून इंग्लंडात आलेले हे वाण पॅक्स्टनने येथे वाढवले, १८३५ च्या नोव्हेंबरात त्याला फूल आले आणि मालकाच्या आडनावावरून त्याला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. आज जगात जी केळी निर्यात होतात त्यांतली बहुतांश कॅव्हेंडिश गटातली, आणि आमच्या जळगाव जिल्ह्यातली बसराई काय किंवा आता सगळीकडे झालेली जी-नाइन काय, याच गटातल्या. म्हणजे ज्या केळीच्या जिवावर माझ्या वडिलांनी आम्हा पाच भावंडांची शिक्षणे केली, ती काचेच्या घरात, ड्यूकच्या आडनावाने, पाहुणी म्हणून उभी होती. माझा गळा थोडासा दाटून आला, हे मी नाकारत नाही.

परंतु शेतकऱ्याच्या पोराचे डोळे गळ्याबरोबर दाटत नाहीत. झाडाच्या बुडाशी चांगले पाच मुनवे, म्हणजे बाजूने फुटलेली पिले, वाढू दिलेले होते. एवढे मुनवे ठेवले तर घड पोसणार कसा? पलीकडे एक तरुण मुलगी खुरप्याने माती सारखी करत होती, तिला मी माझ्या खात्यातल्या इंग्रजीत मुनवे कापण्याचा सल्ला दिला, खोडाला माती लावण्याविषयी सांगितले आणि निसवल्यानंतर पाण्याचा ताण पडू देऊ नये, हेही बजावले. तिने माती लागलेल्या हातांनी खिशातून कागद काढून हे सगळे लिहून घेतले. घडाच्या फण्या मोजण्यासाठी मी दोरी ओलांडली, तेव्हा पत्नीने माझी बाही धरली आणि म्हणाली, “अहो, चला. ती त्यांची केळ आहे, आपला बांध नाही.”

केडलस्टन हॉलविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथील प्रसंग माझ्या फारशा फायद्याचा नाही. हे लॉर्ड कर्झनचे वडिलोपार्जित घर. कलकत्त्याचे जुने गव्हर्न्मेंट हाउस गव्हर्नर-जनरल वेलस्लीने याच वाड्याच्या धर्तीवर बांधवून १८०३ मध्ये पुरे केले, त्यामुळे कर्झनसाहेब व्हाइसरॉय होऊन आले तेव्हा परमुलखात त्यांना आपल्याच घराची नक्कल राहायला मिळाली. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी घातलेला, मोरपिसांच्या नक्षीचा जरदोजीचा पोशाख येथे काचेत ठेवलेला आहे. पत्नीने त्याच्यासमोर पंचवीस मिनिटे उभे राहून त्याचे वजन अंदाजे एका शालूत आणि दोन पैठण्यांत बसवले, आणि जर भारतातली, कारागीर भारतातले, मग पोशाख येथे कसा, असा प्रश्न तिने स्वयंसेवक गृहस्थांना केला, ज्याचे उत्तर देण्याऐवजी त्यांनी आम्हाला चहाची जागा दाखवली. चहाकडे न जाता मी हिरवळीवरून पलीकडच्या मेंढ्यांचा फोटो घ्यायला निघालो. या देशात वाड्याच्या खिडकीतून पाहताना कुंपण दिसू नये, परंतु गुरेही आत येऊ नयेत, म्हणून हिरवळीच्या कडेला आतून भिंत बांधलेला एक खंदक खणतात. तो काठावर येईपर्यंत दिसत नाही आणि त्याला त्यांच्या भाषेत ‘हा-हा’ असेच म्हणतात. मी काठावर थांबलो. माझी छत्री थांबली नाही. एका मेंढीने ती हुंगली. पत्नी हसत होती, तेव्हा ती जे म्हणते आहे तेच या बांधकामाचे शास्त्रीय नाव आहे, असे मी तिला सांगितले, आणि ही गोष्ट तिने आजतागायत खरी मानलेली नाही.

लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टात तिसऱ्या विल्यमच्या काळात, सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी लावलेला झाडांचा भूलभुलैया आहे. त्याने व्यापलेली जागा जेमतेम तृतीयांश एकर, म्हणजे आमच्याकडे तेवढ्याला कोणी शेत म्हणणार नाही. अशा ठिकाणी चुकायचे नसेल तर एक हात कायम कुंपणाला लावून चालत राहावे, हा नियम मी पत्नीला नकाशा काढून समजावला. तिला तो पटला नाही, म्हणून ती समोरून आलेल्या पाच-सहा वर्षांच्या एका मुलाच्या मागे निघून गेली. मी नियमाने चाललो. नियम बरोबरच आहे. परंतु मुलीचा फोन आल्यामुळे मला उजव्या हाताचे काम डाव्या हाताकडे द्यावे लागले आणि त्या क्षणापासून मी अत्यंत शास्त्रशुद्ध रीतीने आलो त्याच वाटेने परत जाऊ लागलो. चाळीस मिनिटांनी कुंपणापलीकडून पत्नीचा आवाज आला, “अहो, मी मधे जाऊन, बाहेर येऊन, आइस्क्रीम खाऊन आले. तुमचं वितळतंय.” १७६८ मध्ये लावलेला आणि आजही द्राक्षे देणारा तेथील प्रसिद्ध वेल आम्ही नंतर पाहिला, परंतु माझे मन तिकडे नव्हते.

आता फ्रान्समधले व्हर्साय. येथे जी चूक झाली ती संपूर्णपणे आमची. आम्ही सोमवारी गेलो. राजवाडा सोमवारी बंद असतो, हे शाळकरी मुलालाही माहीत असते म्हणे. बागा उघड्या होत्या, म्हणून आम्ही त्या पायी पाहिल्या. आंद्रे ल नोत्र या माळीबुवांनी चौदाव्या लुईसाठी आखलेली ही बाग क्षितिजापर्यंत सरळ रेषेत जाते, आणि सरळ रेषेला बाक फार कमी असतात. कारंजी सुमारे पन्नास, आणि सगळी कोरडी. रथासकट पाण्यातून वर येणारा सूर्यदेव अपोलो उन्हात तापलेल्या धातूचे घोडे हाकत स्तब्ध उभा. पाणी शनिवार-रविवारी आणि हंगामातल्या मंगळवारी सोडतात, असे फलकावर वाचल्यावर पत्नीने माझ्याकडे पाहिले. “म्हणजे इथंही आवर्तन ठरलेलं असतं तर!”

असतेच, आणि राजाच्या काळातही होते. मंगळवारी पुन्हा जाऊन आम्ही आरसेमहाल पाहिला. त्यात ३५७ आरसे आहेत आणि आमच्या दिवशी प्रत्येक आरशापुढे किमान एक माणूस भांग पाडत होता. परंतु माझे लक्ष बाहेरच्या पाण्यावर होते. व्हर्सायची जागा उंचावर आणि पाण्याच्या नावाने शिमगा. राजाला कारंजी हवीत आणि एकाच वेळी सगळी चालतील एवढे पाणी कधीच नाही. तेव्हा तोड काढली ती अशी की, राजाची स्वारी बागेत निघाली म्हणजे कारंजेवाले शिट्ट्या मारून एकमेकांना इशारा देत; स्वारी जिकडे वळेल तिकडचे पाणी सुरू आणि मागचे बंद. हे वाचून मला आमच्या पाटकऱ्यांची आठवण झाली. साहेबांची जीप वळणावर दिसली की पुढच्या चारीला पाणी खळाळू लागे आणि जीप गेली की ते जिकडे जायचे तिकडे जाई. शिट्टीही तीच! पुढे १६८४ मध्ये सीन नदीवर चौदा प्रचंड चाकांचे यंत्र बसवून पाणी वर चढवले, तरी पुरेना. म्हणून लांबच्या एर नदीवरून कालवा आणण्याचे ठरले, हजारो सैनिक खोदकामाला जुंपले, मँतनों येथे जलसेतूच्या कमानी उभ्या राहिल्या, आणि १६८८ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर काम थांबले ते कायमचे. त्या कमानी आजही अर्धवट उभ्या आहेत. रखडलेला प्रकल्प ही आमच्याच खात्याची मक्तेदारी आहे, अशी जी टीका आपल्या अग्रलेखांतून वेळोवेळी झाली, तिला हे माझे तीस वर्षे उशिराचे उत्तर समजावे.

पत्नीने त्या वेळात राजाच्या संत्र्यांची तपासणी केली. थंडीत झाडे आत घेता यावीत म्हणून ती लाकडी पेट्यांत लावलेली असतात आणि उन्हाळ्यात ओळीने बाहेर मांडतात. काटोलच्या लेकीने पहिल्या पेटीतल्या झाडाचे पान उलटून पाहिले, कोळशी नाही, खोडाशी वाकून पाहिले, डिंक्याही नाही, आणि मग ती सरळ होऊन म्हणाली, “झाड निरोगी आहे, पण जन्मभर डब्यात राहून करणार काय?” या चौदाव्या लुईने आपली बाग कोणत्या क्रमाने पाहावी, कोठे वळावे आणि कोठे थांबून काय न्याहाळावे, याच्या सूचना स्वतः लिहून ठेवल्या होत्या. त्या पाहुण्यांसाठी होत्या. आमच्या घरी अशा सूचना मला दररोज मिळतात, म्हणून मला त्यात नवल वाटले नाही.

लुआर नदीच्या खोऱ्यातल्या व्हिलांद्री येथे नऊ चौकांत आखलेली भाजीची बाग आहे. होआकिन कार्वालो या स्पेनमध्ये जन्मलेल्या गृहस्थांनी १९०६ मध्ये हा वाडा घेतला आणि पूर्वीच्या पद्धतीची बाग पुन्हा उभी केली. कोबी, बीट आणि पालकासारख्या पालेभाज्या येथे रंगसंगती साधून गालिच्यासारख्या लावतात. युरोपात पत्नी निःशब्द झाली ती या एकाच ठिकाणी. निळसर कोबीच्या ओळीत एकही गड्डा पुढे-मागे नव्हता. नंतर तिने एवढेच विचारले की, यांतला एक काढून भाजी केली तर नक्षी बिघडेल, मग हे लोक जेवायला कोबी आणतात कोठून?

शेवटी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गजवळचे हेलब्रुन, ज्यासाठी आपल्या लेखकाने तासही दिलेला नाही. मार्कुस झिट्टिकुस हे धर्मगुरू १६१२ मध्ये साल्झबुर्गच्या गादीवर आले आणि त्यांनी गावाबाहेर ही कोठी बांधवली, ती केवळ उन्हाळ्यात दिवसभर मौज करून रात्री परतण्यासाठी. तिच्यात निजायची खोलीच नाही. बागेत दगडी मेज आहे आणि भोवती दगडी बैठका. प्रत्येक बैठकीच्या मधोमध एक भोक. पाहुणे जेवायला बसले, गप्पा रंगल्या, की यजमान खुणेने तोटी उघडायला सांगत आणि बैठकीतून पाणी उसळे. यजमान उठल्याशिवाय पाहुण्याने उठायचे नाही, हा शिष्टाचार. आणि यजमानाच्या आसनाला भोक नाही. चारशे वर्षे झाली, हा विनोद अजून चालू आहे. पाणी जवळच्या झऱ्यांचे, आपल्या दाबाने येणारे. पाण्याच्याच जोरावर अठराव्या शतकातले एक बाहुल्यांचे नगरही तेथे हलते, ज्यात कसाई, न्हावी, शिपाई असे सगळे आपापली कामे करत असतात.

मार्गदर्शकाने मेजाशी बसायला कोण येते, असे विचारले तेव्हा, नळाची मांडणी जवळून पाहता येईल, या शुद्ध व्यावसायिक हेतूने मी हात वर केला. पत्नी बसली नाही. ती मार्गदर्शकाच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली, कारण तोटी ज्याच्या हातात असते तो भिजत नाही, हे एका पाटबंधारे अधिकाऱ्याबरोबर सदतीस वर्षे संसार केल्याने तिला ठाऊक होते. दाब उत्तम होता. माझ्या मागच्या खिशात सहलीच्या खर्चाची वही होती, शाईच्या पेनाने, तारीखवार लिहिलेली. ती बाहेर काढली तेव्हा इंग्लंड फ्रान्समध्ये मिसळलेले होते आणि बेरजा निळ्या ओघळांनी खाली उतरल्या होत्या. सहलीला नेमका किती खर्च आला, हे आता कोणालाच कळणार नाही, म्हणून मी हळहळलो, तर पत्नी म्हणाली की, पैसे वसूल झाले ते इथेच.

तेव्हा संपादक महाशय, आपल्या पुरवणीच्या लेखकांना दोन विनंत्या आहेत. अशा प्रत्येक ठिकाणाच्या माहितीत ते आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असते, कारंजी कोणत्या वारी चालतात, बाक किती अंतरावर आहेत आणि बदलायला कपडे न्यावेत की नाही, एवढे चौकटीत छापावे. तिकिटाची किंमत काय, ती कोणीही शोधून काढतो. आणि वेळेचा रकाना कृपया कोरा ठेवावा. चॅट्सवर्थला तास पुरतो असे लिहिणाऱ्याने तेथील केळीचे मुनवे मोजलेले नाहीत, हे मी प्रतिज्ञेवर सांगायला तयार आहे.

माझ्या वडिलांची शिसवी आरामखुर्ची आमच्या ओसरीवर आहे. वेत थोडा सैल झाला आहे, तरी रोज संध्याकाळी मी तिच्यातच बसून आपले दैनिक वाचत असे. सहलीहून परतल्यानंतरच्या पहिल्या बाजारवारी पत्नीने एक अननस आणला, चांगला काटेरी शेंड्याचा, आणि तो कापण्याऐवजी त्या खुर्चीच्या मधोमध ठेवला. मला कोणी काही बोलले नाही. पाटीही लावलेली नाही. हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहिले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक, जळगाव